क्लिपवाली मॅक्रो लेन्स: बागेतल्या आठ महिन्यांनंतर

दुकान बंद करून मला तीन वर्षं झाली. त्याआधी चाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं उघडत होतो. हे मुद्दाम आधी सांगतोय. पुढे या लेन्सबद्दल थोडं खडूसपणे लिहिणार आहे, तेव्हा म्हाताऱ्याला फोन वापरता येत नाही म्हणून चिडलाय, असं कुणाला वाटायला नको. फोन अजून शिकतोय, पण भिंगातलं मला कळतं.

फोनला लावून बारीकसारीक गोष्टींचे मोठे फोटो काढायची ही लेन्स नातीनं वाढदिवसाला दिली. दुकान सुटलं तरी भिंग सुटलं नव्हतं. सकाळी ते घेऊन झाडांपुढे वाकायचो आणि आत येऊन समोर येईल त्याला धरून आज काय दिसलं ते सांगत बसायचो. घरचे कंटाळले होते. "आबा, आता सांगू नका, फोटो दाखवा," असं म्हणून तिनं डबा हातात ठेवला.

डब्यात दोन लेन्स, त्या फोनवर बसवायची क्लिप, चार्ज करायचा एलईडी दिव्यांचा गोल, एक कापडी पिशवी आणि काच पुसायचं फडकं. एका लेन्सवर ५ एक्स लिहिलंय, दुसरीवर १५ एक्स. पाचवालीला पुढून-मागून झाकणं होती. पंधरावालीला पुढचं झाकणच नव्हतं. कंपनीला मेल केला. त्यांनी माझे आभार मानले, माझा अनुभव त्यांच्यासाठी मोलाचा असल्याचं कळवलं आणि झाकण काही पाठवलं नाही.

पहिल्या दिवशी मी बागेत गेलोच नाही. भिंग हातात आलं की आधी ते खरं बोलतंय का ते बघायचं, ही जुनी खोड. दोन्ही लेन्स उन्हात धरल्या, खाली कागद ठेवला आणि सूर्याचा ठिपका सगळ्यात बारीक झाला तिथे पट्टीनं अंतर मोजलं. (हे पटकन उरकायचं, कागद पेटतो.) हे झालं नाभीय अंतर. २५० ला या मिलिमीटरनी भागलं की भिंग किती पटीचं ते कळतं, कारण डोळ्याला २५ सेंटिमीटरवरचं आरामात दिसतं असं धरलेलं असतं. पाचवालीचं अंतर ५० मिलिमीटर भरलं. प्रामाणिक आहे. पंधरावालीचं १७ च्या आसपास यायला हवं होतं, ते आलं २५. म्हणजे ती दहा पटीची. माझ्या दुकानातल्या भिंगाएवढीच, आणि दहा पट काही कमी नाही. मग खोटं कशाला लिहायचं?

तरी पटीच्या आकड्यावर जाऊच नका. चौकटीत किती रुंदीचं मावतं ते बघा, त्यावरून खरा अंदाज येतो. माझा फोन जुना आहे, १० सेंटिमीटरच्या आत त्याला स्वच्छ दिसत नाही. तेवढ्या अंतरावर पट्टीचे साधारण १४ सेंटिमीटर चौकटीत येतात. पाचवाली लावली की ७ आणि पंधरावालीनं साडेतीन. पडद्यावर २ एक्स दाबलं की तेही निम्मं. साडेतीन सेंटिमीटरच्या चौकटीत मधमाशी ऐसपैस बसते आणि मावा (झाडाचा रस शोषणारा इवला किडा) अजूनही ठिपक्याएवढाच दिसतो. माव्याचे डोळे बघायचे असतील तर हे खेळणं तुमच्यासाठी नाही.

मग पट्टी तिरकी ठेवून फोटो काढले. पंधरावालीत एखादीच रेघ स्पष्ट येते, तिच्या अलीकडची-पलीकडची धुक्यात. हिशेब केला तर स्पष्ट दिसणारी खोली अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. पाचवालीला दीडेक मिलिमीटर मिळते. बागेत आठ महिने जे काही घडलं, ते या एका फरकामुळे घडलं. डब्यावर मोठ्या अक्षरात छापायला हवा होता तो आकडा हा.

नवीन फोन असेल तर लेन्स घेण्याआधी एक करा. काही फोनांचा रुंद कोनाचा कॅमेरा मुळातच दोन-तीन सेंटिमीटरवरून स्वच्छ फोटो काढतो. तुमचा काढत असेल तर पाचवालीचं काम घरातच होतंय. नुसत्या पंधरावालीसाठी डबा घ्यायचा का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता क्लिप. सगळ्या डब्यात हीच वस्तू मन लावून केलेली नाही. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक, आणि तोंड असं की एका बाजूनं आवाजाचं बटण दाबलं जातं. फोनच्या कव्हरवर ती बसत नाही, दरवेळी कव्हर काढावं लागतं. आटे घाईत पाडलेत, त्यामुळे लेन्स पहिल्या फेऱ्यात तिरकी चढते. जोर केलात तर आटे मोडतील. आधी उलटं फिरवायचं, कट्ट आवाज झाला की मग सुलट. घड्याळाची मागची झाकणं आम्ही अशीच बसवायचो. पाचव्या महिन्यात क्लिपचं रबर सुटलं, ते मी चिकटवलं.

दुसरी भानगड फोनाची आहे, लेन्सची नाही. पण रागानं डबा परत करायला निघालो होतो, म्हणून लिहितो. फोनला मागे तीन कॅमेरे. लेन्स त्यातल्या एकावर बसलेली. फोन फुलाजवळ नेला की तो आपल्या अकलेनं दुसराच कॅमेरा निवडतो, आणि तिथे क्लिपचं रबर. पडदा काळा! दोन दिवस मी समजत होतो की लेन्स बिघडली. नातीनं सेटिंगमध्ये जाऊन आपोआप कॅमेरा बदलणारं काहीतरी बंद केलं. माझ्या फोनात २ एक्सपर्यंत मुख्य कॅमेराच चालतो, ३ एक्स दाबलं की पुन्हा अंधार. कॅमेरा कुठला चालू आहे ते ओळखायला सोपी युक्ती आहे. एकेका भोकावर बोट ठेवायचं. ज्यावर ठेवल्यावर चित्र जातं, लेन्स तिथे बसवायची.

काचेबद्दल थोडक्यात. पाचवाली चांगली आहे, कडेपर्यंत जवळजवळ सरळ. पंधरावालीच्या कडेचा बराच भाग ओघळल्यासारखा येतो, आणि पांढऱ्या पाकळीच्या काठाला जांभळी झालर दिसते. एकाच काचेच्या भिंगात रंग वेगवेगळ्या जागी एकवटतात, त्यावर इलाज म्हणून दोन जातींच्या काचा जोडतात. इथे तो खर्च वाचवलेला दिसतो. मध्यावर ठेवा आणि कडा कापून टाका.

बागेतला पहिला धडा सदाफुलीवर मिळाला. फुलाच्या मध्याशी बारीक भोक असतं. पंधरावाली लावून वरून बघितलं तर भोकाची कड स्पष्ट आली, पाकळ्या धूसर. जरा मागे सरकलो, पाकळ्या आल्या, भोक गेलं. दोन्ही एकदम कधीच नाही. जास्वंदीच्या मधल्या दांड्यावर मात्र ही लेन्स मला पावली. टोकाला मखमली लाल गोंड्यांचे पाच फाटे, खाली दांड्याभोवती पिवळे परागकोश. फोन दांड्याला समांतर धरला की अख्खी रांग त्या अर्ध्या मिलिमीटरच्या पातळीत येते. जास्वंदीचे परागकण भलतेच मोठे, फोटो मोठा केला तर एकेक कण सुटा मोजता येतो. त्या कणांवर काटे असतात, ते नाही दिसत. त्यासाठी मायक्रोस्कोपच हवा.

झेंडूनं मला खोटं पाडलं. इतकी वर्षं मी त्याला एक फूल समजत होतो. पाचवालीतून बघितलं, तर प्रत्येक पाकळीच्या मुळाशी दोन टोकांचा छोटासा फाटा डोकावतोय, म्हणजे प्रत्येक पाकळी हेच एक वेगळं फूल. शाळेत हे शिकवलं असणार, माझं लक्ष घड्याळाकडे असणार. तुळशीचं फूल पाचेक मिलिमीटरचं, त्याला वरचा ओठ, खालचा ओठ, आणि चार पुंकेसर बाहेर आलेले. एवढं सुबक काहीतरी रोज पाणी घालताना हाताखालून जात होतं. तुळशीचा फोटो घेणं मात्र शिक्षा आहे. मंजिरी वाऱ्यानं हलते, आणि माणसाला कळणारसुद्धा नाही असा वारा या लेन्सला वादळासारखा लागतो. मी कुंडीत काठी रोवतो, तिला कपडे वाळत घालायचा चिमटा बांधतो आणि देठ त्यात हलकेच धरतो. तीन पायांच्या स्टँडपेक्षा याचा उपयोग जास्त, कारण इथे फोनपेक्षा फूल जास्त हलतं.

लिंबाच्या झाडावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. कोवळ्या पालवीवर फुलपाखरू एकेक अंडं सुटं घालून जातं. मिलिमीटरभराचा फिकट पिवळा मणी. अंडं पळत नाही, त्यामुळे पंधरावालीला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही. रोज सकाळी एकच अंडं, त्याच कोनातून. तिसऱ्या दिवशी ते काळपट झालं. चौथ्या दिवशी गेलो तर अळी बाहेर येऊन स्वतःचंच टरफल खात बसलेली. त्या दिवशी एकोणीस फोटो काढले, त्यातले दोन बरे आले. पुढे काही दिवस ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळी-तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. शेवटची कात टाकली की हिरवीगार. आता ती पंधरावालीच्या चौकटीबाहेर जाते, पाचवाली लावावी लागते. एकदा लेन्सची कड तिला लागली, तर डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचं ओलसर शिंग बाहेर काढलं आणि उग्र आंबूस वास सोडला. फोटो हलला, कारण मी हललो. बायकोनं ओट्यावरून म्हटलं, "अहो, काय झालं, विंचू चावला का?"

सहा अळ्यांपैकी दोघींचीच फुलपाखरं झाली. एका कोशाला बारीक भोक पडलेलं दिसलं आणि त्यातून फुलपाखराऐवजी इवल्या गांधीलमाश्या निघाल्या. त्यांच्या आईनं आधीच आत अंडी घालून ठेवली होती. तो फोटो माझ्याकडच्या सगळ्यात स्वच्छ फोटोंपैकी आहे. बघायला मात्र घरात कुणाला आवडत नाही.

झेंडूवर येणाऱ्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्यांना मी मधमाशीच म्हणायचो. लेन्सनं निकाल लावला. मधमाशीला पंख चार, हिला दोनच. मिशा आखूड. डोळे एवढे मोठे की नराचे तर डोक्यावर एकमेकांना चिकटतात. मादीच्या डोळ्यांत फट राहते. ही निव्वळ माशी, नांगी नाही, पट्टे मधमाशीचे उसने. दोन पंखांच्या माश्यांत मागच्या पंखांच्या जागी गोळा लावलेली बारीक दांडी असते. उडताना ती पंखांबरोबर थरथरते, आणि अंग कुठे वळतंय ते माशीला त्यातून कळतं. फुलावरच्या माशीत ती नीट दिसेना. नळाजवळच्या भिंतीवर डासासारखी, लांबच लांब पायांची एक माशी संध्याकाळी बसते, तिच्यात दिसली. दोन दांड्या, दोन गोळे. मी बराच वेळ बघत राहिलो. जुन्या मनगटी घड्याळाचा बॅलन्स, म्हणजे आतलं झुलतं चाक, सेकंदाला ५ ठोके देतो, तासाला १८,०००, आणि तेवढं जमवायला आम्ही तेल घालून, पुसून, डोळे फोडून बसायचो. या माशीचा तोल सांभाळणारा भाग त्याच्या कितीतरी पट वेगानं चालतो, आणि कुणी उघडून साफ करत नाही.

मावा बघायला पाचवाली २ एक्सवर. मुंगी मिशांनी माव्याला थोपटते आणि मागून गोड थेंब येतो, हे पुस्तकातलं वाक्य आठव्या की नवव्या सकाळी प्रत्यक्ष सापडलं. व्हिडिओ घेतला, तो फोटोपेक्षा सरस. तिथेच काळा, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचा एक लांबट किडा फिरत होता. मी तो चिमट्यानं उचलून टाकणार होतो. नातीनं फोटो आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून जीव ओळखून देणारी साइट) चढवला तेव्हा कळलं की ही लेडीबर्डची अळी, मावा खाणारी. आधी अशा किती टाकल्या असतील, देव जाणे.

फुलपाखरांसाठी ही लेन्स घेत असाल तर घेऊ नका. अडीच सेंटिमीटर जवळ गेल्यावर फुलपाखरू थांबत नाही, पाच सेंटिमीटरवरही नाही. क्लिप काढायची, ३ एक्स लावायचं आणि हातभर लांबून घ्यायचा. उडी मारणारा छोटा कोळी मात्र उलटा. तो वळून तुमच्याकडेच बघतो. पुढचे दोन डोळे दिव्यासारखे मोठे, आणि आतला पडदा हलला की डोळ्याचा रंग गडद-फिका होतो. कोळी कीटक नव्हे, माहितीये, पण फोटोला इतका तयार दुसरा कुणी नाही.

वेळ पहाटेची, ऊन चढायच्या आधी. कीटकांचं अंग थंड असतं, हालचाल मंद. किंवा अगदी तिन्हीसांजेला. एकट्यानं राहणाऱ्या काही मधमाश्यांचे नर तेव्हा वाळक्या काडीला जबड्यानं घट्ट धरून झोपतात, पाय मोकळे, अंग आडवं. एका काडीवर चौघे सापडले. पंधरावालीनं काढलेल्या कीटकांच्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त चांगले फोटो या झोपलेल्यांचे आहेत. कीटक थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून गार केला की हलत नाही, असं मला एकानं सुचवलं. ते मी करणार नाही. फोटोसाठी कुणाला बधिर करायचं, एवढं काही अडलेलं नाही.

प्रकाशासाठी दिलेला एलईडीचा गोल पहिल्या आठवड्यात ठेवून दिला. लेडीबर्डच्या पाठीवर त्याची पांढरी बांगडी उमटते, आणि पाठीवरचे ठिपके कुठले नि बांगडी कुठली ते कळत नाही. बटर पेपरचा तुकडा कापून गोलावर चिकटवला तर बरं होतं. त्याहून बरं म्हणजे ढगाळ सकाळ.

हात स्थिर ठेवण्याचं मला शिकावं लागलं नाही. दोन्ही कोपरं टेकवायची, श्वास अर्धा सोडून थांबायचं. पडद्यावर बोट लावून फोकस शोधत बसू नका. फोन कागदाच्या जाडीएवढा पुढे-मागे झुलवा आणि बटण दाबून धरा, एकामागून एक फोटो निघू द्या. तीसातले दोन ठेवायचे, बाकीचे त्याच दिवशी काढून टाकायचे. नाहीतर फोन भरतो आणि मग नातवंडांकडे विनवण्या कराव्या लागतात.

सतराव्या शतकात लेवेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. धाग्याची वीण तपासायला भिंग वापरता वापरता त्यानं स्वतः इवली भिंगं घासली आणि पाण्याच्या थेंबातले जीव पाहिले. एकाच काचेचं भिंग, डोळ्याला जवळजवळ टेकवायचं. त्याला बहुतेक या डब्यावरचा आकडा बघून हसू आलं असतं. पण सदाफुलीपुढे तोही माझ्यासारखाच वाकून बसला असता, असं मला उगाच वाटतं.

तर घ्यावी का? फोन जुना असेल आणि घरी चार कुंड्या असतील तर हो. पाचवाली रोज वापरली जाईल, पंधरावाली अंडी, परागकोश आणि झोपलेल्या माश्या यांच्यापुरती. पाचवाली सुटी मिळत असेल तर तीच घ्या. क्लिपला मी दहापैकी तीन देईन, पाचवालीला आठ, पंधरावालीला सहा. आकड्याची थाप मारली नसती तर सात दिले असते.

झाकणासाठी दुसरा मेल केला नाही. दुकानातलं सामान आवरताना एका जुन्या घड्याळाचं मागचं झाकण सापडलं, ते पंधरावालीवर बरोबर बसतं. आत फेल्टची चकती लावलीय.